‘शांत’ असा शेरा

माझ्या हातून आयुष्यात एकच टीव्ही स्टुडिओ बांधून झाला. तो मी नाशकात, तांबट आळीच्या पाठीला पाठ लावून बांधला. जागा मीच पसंत केली होती. ज्यांना ही आळी ठाऊक आहे ते इथंच हसतील. त्यांनी खुशाल हसावं. मी त्या वेळी हसण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

मी एका शिक्षणसंस्थेच्या बांधकाम विभागात ड्राफ्ट्समन होतो. विभाग म्हणजे मी, एक ओव्हरसियर आणि नकाशे ठेवायचं एक कपाट, ज्याचं दार कधीच नीट लागलं नाही. संस्थेच्या शाळा जिल्हाभर होत्या, घोटीला, सायखेड्याला, वर डोंगरात पेठला. पेठच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक टिकत नसे. जूनमध्ये रुजू व्हायचा आणि दिवाळीला गावी गेला की परत यायचा नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रंगीत टीव्ही घराघरांत शिरत होता. तेव्हा संस्थेच्या कार्यवाहांच्या मनात आलं, की शिक्षक पेठला राहत नाही तर निदान त्याचा धडा तरी राहू दे. चांगल्या शिक्षकांचे धडे टीव्हीसारखे चित्रित करायचे आणि कॅसेटी जीपमध्ये घालून शाळाशाळांतून फिरवायच्या. कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते. दोन कॅमेरे आले, रेकॉर्डर आला. मग हे सगळं ठेवायचं कुठं, हा प्रश्न उरला आणि तो माझ्या टेबलावर आला.

स्टुडिओ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. नाटकाच्या स्टेजसारखं काहीतरी असेल, समोर पडदा, मागं रंगवलेली झाडं, अशी माझी समजूत. कार्यवाहांनी मला मुंबईला पाठवलं. तिथल्या टीव्ही केंद्रातून निवृत्त झालेले एक ध्वनितंत्रज्ञ त्यांच्या ओळखीचे होते. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. काकांनी मला स्टुडिओ आतून दाखवला.

मी हिरमुसलो. एवढं नाव असलेली जागा आतून चक्क गोदाम होती. भलतंच उंच छत, त्याखाली लोखंडी पाइपांची आडवी-उभी जाळी आणि जाळीला लटकलेले शेकडो दिवे. पण काका एकेक गोष्ट सांगायला लागले आणि मी वही काढली. फरशीला एकही सांधा नव्हता, कारण कॅमेरा चाकांवर फिरतो आणि नाण्याच्या जाडीएवढा उंचवटा लागला तरी चित्र उडी मारतं. मागच्या भिंतीला कोपरा नव्हता. ती वळून जमिनीत उतरत होती, म्हणजे भिंत संपते कुठं हे बघणाऱ्याला कळू नये. दारं एकामागं एक दोन होती आणि मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. पहिलं दार बंद झाल्याखेरीज दुसरं उघडायचं नाही. गार हवेचे पत्र्याचे बोगदे एवढे मोठे, की आतून माणूस रांगत जाईल. हवा अरुंद वाटेनं आली तर सुसाट येते आणि सुसाट हवेला आवाज असतो, म्हणून तिला रुंद वाट द्यायची. कंट्रोल रूमची काच तिरकी बसवलेली, आवाज तिच्यावर आपटून परत बोलणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून.

काका सत्तरच्या दशकापासून या कामात होते. चित्र काळं-पांढरं होतं तेव्हा पांढरी साडी नेसून आलेल्या बाईंना परत पाठवावं लागे, कारण पांढरा रंग कॅमेऱ्याचे डोळे दिपवायचा. पांढरं दिसायला हवं असेल तर फिकट पिवळं नेसायचं. लाल कोच आणि हिरवा कोच पडद्यावर एकच दिसे, म्हणून रंगारी सगळा सेट राखाडीच्या छटांत रंगवून मोकळा होई. राजधानीत टीव्ही सुरू झाला तेव्हा तर स्टुडिओ असा नव्हताच, रेडिओच्याच इमारतीत सोय केली होती, हेही त्यांनीच सांगितलं. “दिव्यांखाली माणसं भाजून निघायची,” ते म्हणाले, “पण उकाडा प्रेक्षकाला ऐकू येत नाही. पंखा ऐकू येतो. म्हणून पंखा बंद.” मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी वहीत अधोरेखित केलं. स्टुडिओ डोळ्यांसाठी बांधायचा नसतो, कानांसाठी बांधायचा असतो. जागा निवडताना तिथं दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं.

निघताना एक गंमत दिसली. लाल दिवा लागला होता, म्हणजे चित्रण सुरू होतं आणि आत बोलायला बंदी होती. एक माणूस कॅमेऱ्याशेजारी उभा राहून नुसत्या हातांनी सगळ्यांना हुकूम सोडत होता. बोट गोल फिरवलं की आवर, दोन्ही हात ताणले की लांबव, गळ्यावरून हात फिरवला की संपव. बरोबरचे लोक कौतुकानं बघत होते. मला कौतुक वाटलं नाही. माझं सगळं बालपण असल्या खुणांत गेलं होतं.

कारण मी तांबटाचा मुलगा. आळीत आमचं दुकान पुढं आणि घर मागं. सकाळी आठाला ठोके सुरू होत. समोर दहा-बारा दुकानं, प्रत्येकात दोन-तीन हात. हंडे, घंगाळी, पातेली मठारून काढायची, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लावत सबंध अंगावर ठिपके उठवायचे. अशा ठिकाणी कोण बोलणार? म्हणून आळीनं खुणा केल्या होत्या. अंगठा ओठांकडं नेला की चहा. मूठ छातीवर ठेवली की घरून बोलावणं. तर्जनी कानाजवळ नेऊन हलवली, की कुठंतरी काहीतरी चुकीचं वाजतंय, तडा गेलाय, हात थांबव. ही शेवटची खूण माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची खास. ठोक्यांच्या त्या कल्लोळात दुसऱ्याच्या दुकानातला तडा त्यांना कळायचा. पुढं त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आमच्याकडं सगळ्यांनाच यायला लागतं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. घरात आम्ही ओरडून बोलायचो. पाहुण्यांना वाटे भांडण चाललंय.

आळीत ठोके थांबत ते फक्त कुणी गेलं की. कुणाच्याही घरी मयत झाली, की निरोप फिरवावा लागत नसे. एक दुकान थांबे, मग शेजारचं, मग समोरचं, आणि माणसं आपोआप बाहेर येत. शांतता म्हणजे कुणीतरी गेलं, हे आम्हांला अगदी लहानपणापासून माहीत होतं.

हे सगळं माहीत असूनही मी जे केलं ते ऐका. नाशिकला परतल्यावर मी संस्थेच्या तीन जागा तपासल्या. पहिली द्वारका चौकाजवळ, हमरस्त्याला लागून. दहा मिनिटं डोळे मिटून बसलो. वहीत लिहिलं: ट्रक, हॉर्न, टायरवाल्याचा हातोडा, ट्रक. दुसरी गंगापूर रस्त्याला, नवी इमारत. लिहिलं: पिठाची गिरणी, कावळे. तिसरी म्हणजे आळीच्या मागच्या अंगाला असलेला जुन्या शाळेचा चित्रकलेचा हॉल. दगडी भिंती हातभर जाड, छत उंच, पुढं मैदान. तिथं मी दहाऐवजी वीस मिनिटं बसलो. लिहिलं: कबुतर, एक. देवळाची घंटा, लांबची. आणि शेवटी शेरा मारला, ‘शांत’. शिवाय त्या शब्दाखाली रेघ ओढली.

त्या हॉलची मागची भिंत आणि आमच्या आळीतल्या दुकानांची मागची भिंत, दोन्ही एकाच जोत्यावर आहेत. मंगळवारी सकाळी अकराची वेळ होती. तीस-चाळीस हातोड्या चालू असणार. मी त्या ऐकल्या नाहीत. नाशकातला दुसरा कुठलाही ड्राफ्ट्समन असता तर दारातूनच परत फिरला असता.

मुंबईच्या स्टुडिओची लहान आवृत्ती मी तिथं उभी केली. पाइपांची जाळी बांधली, मागची भिंत वळवली, फरशी काढून गुळगुळीत कोबा केला, दोन दारं, तिरकी काच, सगळं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले. अंडीवाल्यानं विचारलं, एवढ्या कोंबड्या पाळणार कुठं? चित्रणाची चाचणी ठरली आणि काका मुंबईहून आले. विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या, मोसंबी रंगाची साडी, हातात चंबू. लाल दिवा लागला. बाई म्हणाल्या, “मुलांनो, आज आपण बाष्पीभवन म्हणजे काय ते पाहू.”

काकांनी काचेपलीकडं कानांवरचा हेडफोन काढला. “कोण ठोकतंय?”

मी म्हणालो, “कुठं?”

बाई माझ्याकडं बघत होत्या, कॅमेऱ्यावरची दोन्ही पोरं बघत होती. कार्यवाह खुर्चीत बसले होते, त्यांनी मान हळूहळू माझ्याकडं वळवली. काकांनी मला आत बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. बाष्पीभवनाच्या खाली सगळी आळी वाजत होती. मायक्रोफोन आमच्या आळीत जन्मला नव्हता, एवढाच काय तो फरक. आणि त्या गर्दीत एक ठोका मला वेगळा ओळखू आला. तीन जलद, एक थांबून. दादांचा.

दुसऱ्या दिवशी कार्यवाहांनी माझी वही मागवली. शेरा वाचला, रेघ बघितली. “तपासणीला जाताना कान घरी ठेवले होते का?” ते म्हणाले. ते अगदी खरं होतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढला. महापालिकेकडं अर्ज: शैक्षणिक कार्यात व्यत्यय येतो, तरी सदर आळीतील ठोककाम सकाळी अकरा ते चार बंद ठेवण्याचे आदेश व्हावेत. संस्थेचा शब्द महापालिकेत चालतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अर्जाच्या खाली हुद्दा माझा होता.

“जागेची जबाबदारी तुमची, तेव्हा सही तुमची,” ते म्हणाले. “दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुदत देतो. त्याआधी आवाज थांबला तर कागद फाडू. नाहीतर सही करा.”

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना पेठची मुलं दिसत होती. मला मात्र अकरा ते चार बंद असलेली आळी दिसत होती. स्टीलनं आधीच अर्धी गिऱ्हाइकं पळवली होती. ठोकायचे तासच काढून घेतले, तर उरलेल्यांनी कशावर जगायचं? आणि ते काढून घेणाऱ्या कागदावर तांबटाच्या पोराची सही. रात्री जेवताना मी दादांना सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं, त्यामुळं शेजारच्या दोन घरांनाही कळलं.

दादांनी घास खाली ठेवला नाही. “अकरा ते चार?” ते म्हणाले. “म्हणजे रोज सुतक पाळायचं का?”

आई म्हणाली, “तुम्हांला काय, तुम्हांला तसंही ऐकू येत नाही.”

“मला येत नाही, पण भांड्याला येतं,” दादा म्हणाले आणि ताक मागितलं.

पुढचे पंधरा दिवस मी जे जे कुणी सांगेल ते केलं. अंड्यांच्या ट्रेवर गोणपाट चढवलं, गोणपाटावर गाद्या. बाईंचा आवाज असा दबला की त्या उशीत तोंड खुपसून बोलताहेत असं वाटावं. ठोके होते तिथंच. काकांना ट्रंककॉल लावला. ते म्हणाले, “ट्रेनं खोलीतला आवाज घुमायचा थांबतो, बाहेरचा आत यायचा थांबत नाही. आणि हा हवेतून येतच नाहीये. जमिनीतून येतोय.” तेव्हा मला लख्ख दिसलं. आळीतली प्रत्येक ऐरण लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली आणि ओंडका जमिनीत कमरेएवढा पुरलेला. ठोका पडला की ओंडक्यातून जोत्यात, जोत्यातून माझ्या गुळगुळीत कोब्यात. मी जणू ठोक्यांसाठी हमरस्ताच करून ठेवला होता.

हे मी दुकानात जाऊन दादांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, एक तयार पातेलं उचललं, पायरीच्या दगडावर ठेवलं आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. पातेलं छान वाजलं. मग तेच पातेलं त्यांनी कोपऱ्यात घासायला ठेवलेल्या वाळूच्या ढिगावर ठेवलं, थोडं दाबलं आणि पुन्हा टिचकी मारली. ठप्प. एवढाच आवाज.

“तुझ्या खोलीला जमीन लागू देऊ नकोस,” ते म्हणाले आणि परत कामाला लागले.

काकांना हे फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. खोलीच्या आत दुसरी, सुटी खोली बांधायची, तिला कुठंही बाहेरचं अंग लागू द्यायचं नाही, हे म्हणे त्यांच्या पुस्तकांत आहे. मग आधी का नाही सांगितलंत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. “तुम्ही ‘शांत’ लिहून पाठवलंत,” ते म्हणाले. मी फोन ठेवला.

कोबा फोडला. सायखेड्याहून वाळूचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, “लय ओली हाय सायेब, चार दिस पसरून ठेवा, नायतर बसंल.” चार दिवस शाळेच्या मैदानात वाळू वाळत घातली आणि कुत्र्यांपासून राखली. मग हॉलमध्ये वीतभर जाडीचा थर. त्यावर जुन्या टायरच्या पट्ट्या, पट्ट्यांवर लाकडी जमीन, आणि त्या जमिनीवर चारी भिंती आणि छत. लाकडी पेटीच म्हणा, जी दगडी हॉलच्या आत वाळूवर बसली आहे आणि कुणालाच शिवत नाही. मधल्या पोकळीत काथ्या भरला. दिवे, दारं, काच, सगळं पुन्हा.

सुट्टी संपायला दोन दिवस होते. काका येऊन बसले. हेडफोन लावला, आवाज मोजणारी सुई बघितली आणि मान हलवली. पुष्कळ कमी, पण अजून आहे. कुठून येतोय ते कळेना. सुताराला विचारलं तर तो देवाची शपथ घ्यायला निघाला. मी डोक्याला हात लावून बसलो. शेवटी घरी गेलो आणि दादांना घेऊन आलो.

काकांना ते पटलं नसावं. बहिऱ्या माणसाला आवाज शोधायला आणलाय, हे कुणालाही पटणार नाही. दादांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि भिंतीवर तळहात ठेवला. हात एका जागी ठेवायचा, थांबायचं, मग वीतभर पुढं. भांड्यातला तडा ते आताशा असाच शोधत, कानांनी जमत नव्हतं म्हणून बोटांनी. अर्धा तास लागला. मागच्या भिंतीला, छताच्या जरा खाली, त्यांनी हात ठेवला आणि दुसऱ्या हाताची तर्जनी कानाजवळ नेऊन हलवली. इथं. सुतारानं फळी काढली. दिव्याच्या तारेसाठी घातलेला एक लोखंडी पाइप आतल्या भिंतीतून थेट दगडी भिंतीत गेला होता. बोटभर पाइप, तेवढ्यातून सगळी आळी आत येत होती. पाइप कापून मध्ये रबराची नळी घातली. काकांनी हेडफोन लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग काचेतून अंगठा वर केला.

मुदतीच्या दिवशी बाई पुन्हा फळ्यापाशी उभ्या राहिल्या, तीच साडी, तोच चंबू. कार्यवाह आले होते, कागद त्यांच्या खिशात होता. मी आळीत सांगून ठेवलं होतं, आज हात आखडू नका, उलट जोर लावा. दादांना मी दाराजवळ स्टुलावर बसवलं. म्हटलं, बघा तरी, तुमच्या वाळूनं काय केलंय. लाल दिवा लागला.

बाष्पीभवन सुरू झालं. बाई बोलायच्या थांबल्या की खोलीत काहीच उरत नव्हतं. मी इतकं ‘काहीच नाही’ कधी ऐकलं नव्हतं. छाती फुगवून दादांकडं बघितलं. ते स्टुलावर ताठ बसले होते. त्यांनी तर्जनी कानाजवळ नेली आणि हलवली.

मी काचेकडं बघितलं. काकांचा अंगठा वरच. मी दादांना हातानं सांगितलं, नाही, सगळं ठीक आहे. त्यांनी पुन्हा बोट हलवलं, या वेळी जोरात. काहीतरी चुकीचं वाजतंय. बाईंचा धडा संपेपर्यंत ते तीन वेळा मला तेच सांगत राहिले आणि मी घामाघूम होऊन उभा राहिलो.

कार्यवाहांनी चित्रण पुन्हा लावून ऐकलं. मग खिशातला कागद काढून त्याचे चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. “शेरा आता खरा झाला,” ते म्हणाले आणि गेले. आळीचे तास वाचले होते. मला आनंद व्हायला हवा होता.

“तुझ्या खोलीत शिट्टी वाजतेय,” दादा म्हणाले. “बारीक. सारखी.”

मी दिवे बंद केले. गार हवेचं यंत्र बंद केलं. मेन स्विच काढला. दादा पुन्हा स्टुलावर बसले, डोळे मिटले. “आहे अजून,” ते म्हणाले. “आधी नव्हती, इथं बसल्यावर सुरू झाली. तुम्हांला कसं ऐकू येत नाही?” बाकी सगळे आवाज त्यांना ऐकू यायची पंचाईत, आणि हा एकच आवाज त्यांना स्पष्ट येत होता. मी पाइप बघायला शिडी लावायला निघालो, तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. “काही शोधू नका,” ते हळू म्हणाले. “अशा खोलीत बसलं की आमच्या धंद्यातल्या लोकांनाही कळतं ते. कानातच असतं. बाहेर गोंगाट असतो तोवर झाकलं जातं.”

मी दादांकडं बघितलं. ते उत्तराची वाट बघत होते. चाळीस वर्षं हातोडी चालवलेला माणूस. ती हातोडी चालू राहावी म्हणून मी दोन महिने जिवाचं रान केलं होतं. आणि तिनं त्यांच्या कानांचं काय केलंय ते त्यांना दाखवायला मीच त्यांना नाशकातल्या सगळ्यांत शांत खोलीत आणून बसवलं होतं. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. खरं सांगायला पाहिजे होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हणालो, “हो दादा, येतेय. काढतो दुरुस्त करून.”

“कर,” ते म्हणाले. “नाहीतर तुझा साहेब परत कागद काढेल. मी जातो दुकानात. तिथं नाही येत ही.”

धडे पेठला गेले, घोटीला गेले. स्टुडिओ चांगला चालला. महिन्या-दोन महिन्यांनी दादा जेवताना विचारायचे, “शिट्टी गेली का रे?” मी म्हणायचो, जवळजवळ गेली.

तीन-चार वर्षांनी त्यांचा खांदा धरला आणि हातोडी सुटली. आम्ही तोवर आळीतून सिडकोतल्या घरात राहायला गेलो होतो. तिथं दुपारी सगळं चिडीचूप. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, “तुझ्या खोलीतली शिट्टी इथं आली.” त्यांनी घरातल्या भिंतींवर हात ठेवून बघितलं. एकेक भिंत, वीत वीत सरकत. मी कामावर असायचो तेव्हा, हे आईनं मला नंतर सांगितलं.

मग एक दिवस मी दुपारी घरी आलो. त्या वेळी भर दुपारी टीव्हीवर बहुतेक काही नसे. पुढचे कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत. तरी आमचा टीव्ही चालू होता. पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या आणि आवाज पूर्ण चढवलेला, खरखर अशी की भिंती थरथरत होत्या. दादा समोर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. मला वाटलं, चुकून राहिला असेल. मी जाऊन बटणाला हात लावला.

गळ्यावरून फिरवायला उचलावा तसा त्यांनी हात उचलला आणि मध्येच आडवा हलवला. नको. बंद नको.

“राहू दे,” ते म्हणाले. “यात ती नाही येत.”

मी हात काढला आणि त्यांच्याशेजारी बसलो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. संध्याकाळचे कार्यक्रम सुरू होईपर्यंत आम्ही दोघं मुंग्या बघत बसलो.